डागाचा उस्ताद

३ मार्च
डॉक्टर म्हणतो फुप्फुसावर डाग आहे. टीबी. एक्स-रे खिडकीला लावून बोटाने दाखवला, जसा काही मी आंधळाच. अहो, पाच वर्षं लाँड्रीत डाग काढतोय. रक्त, तेल, शाई, लिपस्टिक. आजवर एक चादर परत आली नाही. (एक आली. ती मुकादमाने बिघडवली.) नियम एकच, डाग ओला असताना धरायचा, वाळला की बसला. हे मला डॉक्टर शिकवणार?
माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या काकाचाही छातीचा फोटो काढला. कोरा. लगेच ऐट बघा त्याची.

४ मार्च
नर्सबाईने दोन पाकिटं दिली. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी, सहा महिने. ताकदीच्या जेवणानंतर, व्हिटॅमिन, झिंक, काय काय. त्या म्हणे "सोबत" घ्यायच्या. सहा महिने! गालिचासुद्धा कुणी एवढा भिजत घालत नाही. संकल्प: तीन आठवड्यांत ठणठणीत. आईला फोनवर साधा खोकला सांगितला.

१३ मार्च, सकाळी
आठवडा झाला, लघवी नारिंगी! आता बनियनपण घामाने नारिंगी. गोळ्या माझ्या रक्ताचा रंग काढतायत. रंग सुटला की कापड गेलं. वर मळमळ. नर्सबाई म्हणते, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असेल. मी वजनकाट्याकडे बघत होतो.

१४ मार्च
टीबीच्या गोळ्या बंद. ताकदीच्या दुप्पट. अंगात ताकद आली की डाग आपणहून सुटतो. काका म्हणाला, अरे उस्ताद, साबण फेकून नुसती नीळ घालतोयस. इस्त्रीवाला तो. त्याला धुण्यातलं काय कळतं?

२ एप्रिल
लघवी पिवळीधमक. याला म्हणतात तेज. वजन दीड किलो वाढलं. (बूट घालून.) खोकला आहे, पण तो जाता जाता येणारा खोकला आहे. काका रात्रभर कुरकुरतो. कानात बोळे घाल म्हटलं.

२१ एप्रिल
क्लिनिकात रिकामी पाकिटं दाखवावी लागतात. म्हणून गोळ्या रोज मोरीत. मोरीला आता जन्मात टीबी होणार नाही.

९ मे
नर्सबाईला संशय. उद्या लघवीची बाटली आण म्हणाली, गोळ्या घेत असशील तर नारिंगी दिसेल. रंग मला शिकवते! कोमट पाणी, चहाचे चार थेंब, संत्र्याचं सरबत. हुबेहूब. मलाच तहान लागली.

१० मे
बाईने झाकण उघडून वास घेतला. म्हणाली, साखर जरा जास्त झाली. अख्खी रांग हसली. मग सगळ्यांसमोर झापलं: ताकदीच्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, त्या नुसत्या सोबतीला, आणि तू सोबत आलेल्यालाच नवरदेव केलास! या बाईशी आता सात जन्मांचं वैर. थुंकी तपासायला घेतली. पुन्हा एक्स-रे. काकाचाही.

१९ मे
थुंकीत जंतू भरपूर. डाग दुप्पट. औषध पुन्हा एकपासून. मागचे नऊ दिवससुद्धा धरले नाहीत, चोर लेकाचे. रोज बाईसमोर गिळायच्या, जीभ वर करून दाखवायची. मुकादमाने घरी बसवलं.
काकाच्या फोटोत डाग. कोपऱ्यात, शर्टाच्या बटणाएवढा. मार्चमध्ये नव्हता.
खोलीवर भांडायच्या तयारीनेच गेलो. बोळे का नाही घातले, इथपासून सगळं पाठ केलं होतं. काका भांडलाच नाही. बल्बखाली फोटो धरून त्याने विचारलं, उस्ताद, ओला आहे का रे अजून?
मी बराच वेळ बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही.
ओला आहे म्हटलं.