सेल्वमअण्णाचा हात

मंगळवार, संध्याकाळ. अण्णा नगर.

आवडी गावातल्या फॅक्टरीत जन्मभर इंजिनं तपासली, आणि आज काय केलं मी?

सकाळी काशीमेडूच्या धक्क्यावरून सेल्वमअण्णा चालवतो ती मासेमारीची बोट निघत होती. इंजिन थंड करून समुद्राचं पाणी नळीतून बाहेर पडतं, त्या धारेखाली त्याने रोजच्यासारखा हात धरला. “सार, धार बारीक वाटते,” म्हणाला. मी त्या पाण्याच्या प्रेशरचा काटा दाखवला. नेहमीपेक्षा वरच होता. “प्रेशर भरपूर आहे, जा बिनधास्त!” त्याने हात लुंगीला पुसला आणि निघाला.

आत्ता झाडांना पाणी घालताना पाइप पायाखाली आला. नळाकडे टम्म फुगला, पुढे नुसती करंगळीएवढी धार. बोटीतला काटाही पंपाजवळच आहे. म्हणजे पुढे काहीतरी तुंबलं होतं, म्हणूनच तो वर होता! धक्क्यावर इंजिन तापलं नाही, पण भर समुद्रात, पूर्ण वेगात?

चार वेळा फोन लावला. रेंजच्या बाहेर. बोटीच्या मालकाला सांगितलं, तो वायरलेसवरून बघतो म्हणाला. अजून निरोप नाही.

सेल्वमच्या हाताला कळलं होतं. माझ्या शब्दाखातर त्याने तो पुसून टाकला.