काचेचाच स्कॅनर

बारक्या,

तू आणलेला स्कॅनर मी परत द्यायला चाललेय. उठल्या उठल्या थयथयाट करू नकोस. तो भराभर फोटो ओढतो हे मान्य, पण आपले फोटो तसे ओढण्यातले नाहीत. बाबा घर सोडून गेले तेव्हा आईने ज्या ज्या फोटोंतून त्यांना कात्रीने कापून काढलं, ते सगळे त्याच्या रोलरमध्ये अडकतात. काल तुझा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो मी चिमट्याने सोडवला. तुझा कान जरा दुमडलाय. डबल ड्युटी करून आल्यावर माझं तेवढंच बाकी होतं.

दुकानदार बदलून देतो म्हणालाय. झाकण उघडून फोटो काचेवर पालथा ठेवायचा, तसला आणते. एकेक ठेवत बसावं लागेल. बसू.

खरं तर आज सुट्टीला मी अंथरुणातून हलणार नव्हते, अंगात त्राणच नाही. पण सकाळी आईला हे काचेचं सांगितलं, तर ती उठून शिवणाचा डबा घेऊन आली. तळाशी बाबांचे तुकडे. बाईने एकही फेकलेला नाही. म्हणाली, "त्या काचेवर दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवता येतात का गं?"

मी "येतात" म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

आता ती टेबलावर तुकडे जुळवत बसलीय. चहा तुझा तू करून घे. तिला काही विचारू नकोस. आणि कितीही उकडलं तरी पंखा लावू नकोस.

ताई