मानेतली वीज

कल्याण, ४ नोव्हेंबर १८८९
ही वही माझ्यापुरती. दुसऱ्या कोणी वाचू नये.
अंगरख्याचे बंद बांधता आले नाहीत. बोटे बधिर. पहाटेचा गारवा. शेवटी कुटुंबाने बांधले. रविवारी ठाण्यात, टेंभी नाक्यावर, स्त्रीशिक्षणावर लेक्चर. संकल्प: त्याआधी कुटुंबाला मुळाक्षरे शिकवणे. दहा वर्षे राहून गेले आहे.

५ नोव्हेंबर
मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत वीज जाते. वक्तृत्व अंगात साठले की असे होत असणार. अक्षर बिघडले. टाक वाईट. मुळाक्षरे उद्यापासून.

७ नोव्हेंबर
कुटुंबाच्या हट्टाखातर डॉक्टरकडे. त्यांनी गुडघ्यावर हलकेच मारले, तर पाय उडून त्यांच्या कोटाला लागला. पन्नाशीत एवढा जोम. ते मात्र म्हणाले, मानेच्या हाडांची नळी जन्मतः अरुंद आहे, आतली मज्जा दाबली जाते. हात जातील, मग पाय. औषध नाही, लेक्चरे बंद करा. मी समाजाच्या अरुंद मनांवर पंधरा मिनिटे बोललो. म्हणाले, रावसाहेब, इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही.

११ नोव्हेंबर
काल सभा भरगच्च. बायकोला अक्षर न शिकवणारा नवरा आणि ठाण्याचा जेलर यांत फरक काय, असे विचारले आणि टिपण पाहायला वाकलो. वीज. कागद सुटले. लोकांना वाटले आवेशाने भिरकावले. टाळ्या. पुढे पाय उचलेनात. सभा भरवणाऱ्या मंडळाच्या महिपत आणि काळुराम या दोघांनी खुर्चीसकट उचलून गाडीत बसवले. असा सन्मान ठाण्यात कोणाचा झाला नसेल. घरी कुटुंबाने गादी घातली.

१८ नोव्हेंबर
दोन ओळींना अर्धा तास. पुढल्या महिन्यात टिटवाळ्याला लेक्चर. जाणारच. मुळाक्षरे त्यानंतर.

२ डिसेंबर
मी सांगतो आहे, कुटुंब लिहीत आहे. अक्षर वळणदार आहे. केव्हा शिकलीस, विचारले. म्हणाली, तुम्ही गावोगाव बायकांना शिकवा म्हणून सांगत होता तेव्हा, दुपारी, शेजारच्या गंगुबाईंकडे. बोलली का नाहीस, तर म्हणाली, तुमचा एवढा संकल्प, मोडायचा कशाला.
मागली पाने तिने वाचली आहेत. म्हणते, मुळाक्षरे तीनदा आली, माझे नाव एकदाही नाही. मी म्हणालो, नवऱ्याने नाव घ्यायची चाल नाही.
मी टिटवाळ्याला येत नाही, असे तिनेच सकाळी तिकडे कळवून टाकले आहे.
पानाखाली सही करायला टाक मागितला. बोटे मिटेनात. बरे, तूच कर म्हणालो.

सगुणा