नावाआधीचं अक्षर

कन्नड, २ ऑगस्ट १९८८

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद. वि. वि. शाळेच्या प्रयोगशाळेवर शिक्षकदिनी लावायच्या पाटीचा मजकूर मामंजींनी परस्पर तुझ्या कारखान्यात धाडलाय. कच्चा कागद आज माझ्या हाती लागला. यांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलंय! शाळेचं सामान आणायला औरंगाबादला गेलेला माणूस अडीच वर्षं परतला नाही, म्हणून बापानं आपल्या हातानं असं लिहावं? डोक्यावर परिणाम झाला असेल, कुठंतरी भटकत असतील, पण आहेत. ते अक्षर काढून टाक.

चिमी आता ‘मामा’ म्हणते आणि बोट शेजारच्या बोकडाकडं दाखवते. लवकर येऊन तिचा घोटाळा मिटव. तब्येतीला जप, माया आहेच, ती वाढू दे.

तुझी ताई, सरोजिनी

औरंगाबाद, ८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. पत्र पोचलं. बोकडाशी बरोबरी केल्याबद्दल भाचीबाईंना माझ्याकडून एक धपाटा.

पाटीचं काम चुकलं तर सुधारत नाही गं. ॲनोडाइज केलेला काळा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. जेवढं काळं ठेवायचं तेवढ्यावर जाळीतून शाईचा थर छापायचा आणि पत्रा कास्टिक सोड्याच्या हौदात सोडायचा. उघडी राहिलेली अक्षरं कास्टिक खातं आणि खालचा पांढरा धातू दिसतो. एकदा खाल्लेला काळा थर परत चढत नाही, म्हणून मी थांबलोय. तुझे मामंजी दत्तोपंत उगीच काही लिहिणारे नव्हेत. ताई, तू जरा मन घट्ट कर.

लोभ आहे तसाच ठेव.

मुकुंद

कन्नड, १२ ऑगस्ट

चि. मुकुंद यास आशीर्वाद. मन घट्ट कर म्हणजे काय रे? तेवढ्या अक्षरावर शाई लाव, काळंच राहील. एवढं तर तुझ्या हातात आहे ना?

मामंजींना विचारलं तर मुकुंदालाच विचार म्हणाले आणि देवघरात निघून गेले. मी कुंकू लावायला बसले की ते नजर फिरवतात, हे आता ध्यानात येतंय. काय आहे ते लिही. तुला माझ्या गळ्याची शपथ.

ताई

औरंगाबाद, १७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. चार कागद फाडले, हा पाचवा.

भाऊजी नाहीत. निघाल्याच्या चौथ्या दिवशी करमाडजवळ रुळांच्या कडेला सापडले. औरंगाबादेत सामान न मिळाल्यानं आगगाडीनं पुढं निघाले असावेत आणि गाडीतून पडले. ओळख मी पटवली. अग्नी दत्तोपंतांनी दिला. तुला सातवा महिना होता आणि आधीची दोन्ही पोटातच गेलेली. धक्का बसता कामा नये असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाळंत झालीस की सांगायचं ठरलं. मग बारसं आलं. चिमीचं नाक भाऊजींसारखं आहे म्हणून तू हसलीस आणि मी न सांगताच परतलो. पुढं रोज उद्यावर ढकललं. भित्रा आहे मी, ताई.

त्या अक्षरावर शाई लावूनही पाहिली. तसा पत्रा हौदात सोडायला हात धजेना. शिव्या घाल, पण पत्र घाल.

मुकुंद

कन्नड, २४ ऑगस्ट

मुकुंद,

चिमी जगली. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर होतं. पुढं अडीच वर्षं कुणासाठी गप्प बसलात?

तीन वटपौर्णिमा मी वडाला सूत गुंडाळलं. पहिल्या वर्षी तर ओली बाळंतीण होते, तरी पाण्याचा घोटही घेतला नाही. यंदा तू समोर होतास. फराळाचं ताट तूच वाढलंस आणि दमली असशील, खा म्हणालास. कसं रे म्हणवलं तुला? साता जन्मांसाठी मी ज्याला मागत होते, त्याची राख तू डोळ्यांनी बघितली होतीस.

पाटी कर. ‘कै.’ ठसठशीत काढ, फाटकापासून वाचता आलं पाहिजे. मामंजींचा कागद वापरू नकोस. यांचं पूर्ण नाव मी माझ्या अक्षरात लिहून सोबत ठेवलंय, तेच जसंच्या तसं छाप.

शनिवारी राखीपौर्णिमा. पाकिटात एवढा एकच कागद आहे, राखी शोधत बसू नकोस.

सरोजिनी