भट्टी पेटली हाय न्हवं?

प्रिय अब्बा,

सलाम.

आज संध्याकाळी भट्टीत लाकूडफाटा घातला नाही. गल्लीतलं कुणी तिकडं येऊन तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. तात्यांचा खोकला वाढलाय, त्यांचा काही भरवसा नाही.

अम्मी म्हणाली, उर्दूत लिही. पण तुमची शाळा म्युनिसिपालटीची, मराठी चौथीपर्यंत. उर्दू पत्र आलं की तुम्ही ते घेऊन मौलवीसाहेबांकडं पळायचात आणि आपल्या घरातली बातमी आपल्याआधी त्यांना कळायची. आता तिथं तरी तसं नको!

नाताळ झाला. हा आठवडा तुम्हाला माहीतच आहे. नाताळाआधी मिशनच्या कंपाउंडातल्या सगळ्या बायका रवा-तूप-साखर घेऊन दारात, नानकटाईच्या पत्र्यांवर पत्रे, कुणाचा कुठला यावरून भांडणं. आणि नाताळ सरला की सगळं गप्प. कोर्टाला सुट्टी, शाळांना सुट्टी, वसतिगृहातली पोरं गावाकडं. घराघरात केक उरलेला, मग पाव कोण खातंय? दिवसभर काउंटरवर माश्या मारायच्या. त्यासुद्धा थंडीनं कमी झाल्यात.

तरी भट्टी पेटवायची. का? तर ती थंड झाली की विटा तडकतात, परत तापायला चार दिवस लाकूड खाते. शिवाय मागच्या भिंतीला पाठ लावून तात्या आणि त्यांची मंडळी बसलेली असतात. सकाळी भिंत कोमट लागली तरी भिंतीपलीकडनं तात्यांची हाक येते, "नसीम, आज हयगय झाली काय गं?" गिऱ्हाईक नाही, पण भिंतीला पाठ शेकणाऱ्यांची मात्र रांग. तुम्ही कधी त्यांना उठवलं नाहीत. मी कशी उठवू?

तुम्ही कुणालाच कधी नाही म्हणाला नाहीत अब्बा. "खारी हाय का?" "हाय की!" "टोस्ट हाय का?" "हाय की!" नसला तरी हाय की! मग गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं, चहा पाजायचा आणि आत भट्टीवरच्या रहिमानचाचांना घाई करायची. तुमचं हे 'हाय की' माझ्या तोंडात कधी बसलं मला कळलंही नाही. काउंटरवर उभी राहिले की ते आपोआप येतं. आज त्यानंच माझा घात केला.

हातकणंगल्याच्या शाळेचे हेडसर आठवतात? डी.एड. झाल्यावर तुम्हीच मला घेऊन गेला होता त्यांच्याकडं. सोबत खारीचा पुडा नेला होता आणि तो द्यायचा का नाही यावर रेल्वेत सगळा वेळ घालवला होता. त्यांनी तेव्हा सांगितलं होतं, जागा निघाली की कळवतो. ते आज आले. स्वतः, दुकानात! कोल्हापुरात कामाला आले होते, म्हणाले, बाई सोडून चालल्यात, सुट्टी संपली की वर्गाला कुणीतरी हवं. मी पुडी बांधत होते, ती सुटली.

तेवढ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या मार्थाबाई आल्या. त्या ड्यूटीवरून आल्या की घाईतच असतात. इकडं सरांनी आत भट्टीकडं बघितलं आणि विचारलं, "का आता बेकरीच बघायची हाय?" आणि त्यांच्या मागनं मार्थाबाई, "नसीम, खारी हाय का गं?"

मी म्हणाले, "हाय की!"

मार्थाबाईंना म्हणाले हो मी! पण सरांनी मान हलवली. "बरं बरं. वडलांचं हाय, बघायलाच पायजे. मग मी दुसरी बघतो." आणि ते पायरी उतरले.

त्याच क्षणी आतनं रहिमानचाचा ओरडले, "पोरी, पत्रे! करपतंय!" त्यांना आता एकट्याला होत नाही. त्यांनी लांब दांड्यानं ओढायचं आणि मी घ्यायचं, असं चाललंय तुम्ही गेल्यापासून. माझा एक पाय पायरीवर आणि एक आत. अब्बा, खरं सांगते, मी आत गेले. सकाळपासनं सहासुद्धा गिऱ्हाइकं झाली नव्हती त्या दुकानातला पाव जळू नये म्हणून मी आत गेले! शेवटचा पत्रा ठेवला आणि पिठाच्या हातांनी कोपऱ्यापर्यंत पळाले. टांगे होते, सायकली होत्या, उसाच्या दोन गाड्या होत्या. सर नव्हते.

परत आले तर मार्थाबाई काउंटरवर माझ्या जागी उभ्या. "कोण होते ते?" मी सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, आणि रडता रडता राग. "मग उद्या जा की हातकणंगल्याला," त्या म्हणाल्या. "गाडी बंद पडलीया व्हय?"

"आणि भट्टी?"

"भट्टीला काय शाळंत नेणार हायेस?"

मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हणाले, अब्बांची शेवटची इच्छा आहे ती. शेवटच्या दिवशी त्यांनी भट्टीचंच नाव घेतलं. अम्मी सगळ्यांना तेच सांगते. तिची बहीण नेसरीहून आली की तिला, गल्लीत बसायला आलेल्या बायकांना, मशिदीतल्या लोकांना. मीसुद्धा तेच सांगत आलेय. गल्ली मला बघून मान हलवते, पोरगी गुणाची, बापाची भट्टी विझू दिली नाही. असं कौतुक झालं की माणूस हलू शकत नाही अब्बा. कुलूप कुणी लावलेलं नाही, तरी बाहेर पडता येत नाही.

मार्थाबाईंनी विचारलं, "नेमकं काय म्हणाले होते?"

तुम्ही खाटेवर होता. पहाट झाली होती. डोळे न उघडता तुम्ही विचारलंत, "भट्टी पेटली हाय न्हवं?" मी हो म्हणाले. मग तुम्ही झोपलात, ते झोपलातच.

"हे तर ते रोजच इचारायचे," मार्थाबाई म्हणाल्या. "मी पहाटंच्या ड्यूटीला जाताना रोज ऐकायची की!"

दुपारभर मी ते वाक्य घोळवत बसले. तुम्ही रोजच विचारायचात. लुंगी गाठताना, दात घासताना, माझ्या परीक्षेच्या दिवशी, ईदच्या दिवशी. मग तुम्ही त्या दिवशी मला काही सोपवून गेलात का नेहमीसारखं नुसतं विचारलंत? एवढं तरी स्पष्ट बोलायचं होतं! तुम्ही मला शिकवलंत, डी.एड.ला घातलंत, नातेवाइकांचं ऐकून घेतलंत. ज्या माणसानं हे केलं तो मला भट्टीला कशाला बांधेल? हे मला आज कळावं का? का कळत होतं आणि मला बाहेर पडायचं भ्यावच वाटत होतं?

भट्टी बंद करते म्हणून रहिमानचाचांना सांगायला गेले. म्हातारा माणूस, जाणार कुठं? ते फावड्यानं निखारे सारखे करत होते. म्हणाले, "उचगावला पोरगं बोलावतंय मला कवापासनं. तू एकटी पडशील म्हणून थांबलोय. मला वाटलं, तुला भट्टी पायजे हाय." आम्ही दोघं एकमेकांसाठी त्या धगीत उभे होतो अब्बा, आणि दोघांनाही बाहेर जायचं होतं!

उरली अम्मी. तिला म्हणाले, "अम्मी, अब्बा सांगत नव्हते. विचारत होते." ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मला वाटलं, आता रडेल, तुमची शपथ घालेल.

मग म्हणाली, "उद्या डब्याला पाव लागंल न्हवं तुला? इकत आणावा लागंल. कुठं मिळतो गं पाव?"

निकाह झाल्यापासून या बाईनं पाव विकत घेतलेला नाही. तिला कुठं मिळतो हेच माहीत नाही! ती उठली, पिशवी घेतली आणि चपला शोधायला लागली. तेव्हा मात्र मी तिच्या गळ्यात पडून रडले.

उद्या पहिल्या गाडीनं हातकणंगल्याला जाते. सरांनी दुसरी बघितली असेल तर बघितली असेल. मग मीपण दुसरी शाळा बघीन. पण माझं उत्तर मी माझ्या तोंडानं देऊन येईन.

तुम्हाला एक वचन देते. भट्टीवर पाणी ओतणार नाही, कुणाला ओतू देणार नाही. तिचं तिला विझू देईन. आत्ता मी तिच्या तोंडाशीच पाट टाकून बसलेय. निखारे अजून लाल आहेत, पण कडेनं राख धरायला लागलीय. तुमच्या वेळी मला वाटलं तुम्ही झोपलात, म्हणून मी उठून कामाला गेले. आज उठणार नाही.

तुमची,
नसीम