भाड्यानं भरलेला कोलू

तंजावर,
९ ऑगस्ट २००४

ती. मुरली अण्णास,

शिरसाष्टांग नमस्कार. तो आधीच उरकून टाकते, कारण पुढं माझ्या हातून काय लिहून होईल ते माझं मलाच ठाऊक नाही. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतोच. अप्पांचा स्वभाव तू सोडून गेलास तसाच आहे. अंगणभर बाहुल्या वाळत ठेवल्यात, त्यामुळं मला दोरीवर साडी टाकायची तर राजा-राणीची परवानगी काढावी लागते. चेन्नईच्या उकाड्यात माणूस जेवढा बरा राहू शकतो तेवढा तू असशीलच.

ई-मेल सोडून पोस्टानं का, असं म्हणशील. फोन अप्पांच्या खुर्चीशेजारी आहे, आणि कॉम्प्युटरसमोर बसायला सध्या माझं मनच होत नाही. शिवाय अप्पांनी छडी हातात घेऊन आपल्याला ही बाळबोध अक्षरं शिकवली, ती वापरायला तुझ्याशिवाय मला आहे तरी कोण? आपल्या चुलत भावंडांना मराठी पत्र टाकलं तर ते उलटं धरून बघतील.

आता ऐक. आपली वेबसाइट नाहीशी झाली.

म्हणजे जागेवर आहे. पत्ता टाकला की उघडते, मी काढलेले फोटो दिसतात. पण सर्चमध्ये तंजावरच्या बाहुल्या शोधल्या की आपण पहिल्याच पानावर दिसायचो ना, तिथं आता आपण नाही. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी सिंगापूरहून, मेलबर्नहून, ह्यूस्टनला नाच शिकवणाऱ्या अखिलाकडून कोलूच्या पायऱ्यांवर मांडायला बाहुल्यांच्या मागण्या आल्या त्या सगळ्या त्याच वाटेनं. कॉम्प्युटरचं नाव काढलं की जेवता जेवता उठणारे आपले अप्पा रोज सकाळी मला विचारायला लागले होते, "साई, आज कोण आलं गं?" जशी काही माणसं चपला काढून ओसरीवर बसली आहेत!

यंदा कोणीच येईना, म्हणून मी शोधायला बसले. पहिलं पान झालं, दुसरं झालं, पुढं किती उलटली देव जाणे. शेवटी दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, अप्पांच्या नावासकट. अण्णा, आपलं पान आलंच नाही. आली ती भलतीच पानं. त्यांत काय होतं ते मी लिहिणार नाही, मला लाज वाटते. पण त्या घाणीत मध्येच आपले अप्पा! "तुळजाराम बाहुल्या, उत्तम आणि स्वस्त." जिथं उघडावं तिथं हेच वाक्य, एका अक्षराचा फरक नाही. मी पडदाच बंद केला आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले, जसं काही मलाच कोणी चिखल फासला होता.

गेल्या वर्षीच्या भरवशावर अप्पांनी यंदा दुप्पट माल केलाय. मागची खोली उंबऱ्यापर्यंत भरली आहे. पेट्या सप्टेंबर लागायच्या आत निघाल्या नाहीत तर नवरात्राला पोचायच्या नाहीत. आणि माल पडून राहिला तर अप्पा कारखाना बंद करणार. हे ते मला नाही, शेषम्माला बोलले. आपण रांगत होतो तेव्हापासून ती बाहुल्यांचे डोळे रंगवते आहे. तिला म्हणाले, "यंदा हे शेवटचं असंल मण." ती कुंचला धुवून आपली बसली.

तू कॉम्प्युटरच्याच लाइनीतला. शोधून काढ. एवढं वैर आपल्याशी कोणाचं असेल? मला तर शेजारपाजारच्या प्रत्येक दुकानदाराचा संशय येतोय. सकाळी नमस्कार करतानासुद्धा मी त्यांची तोंडं निरखते.

उत्तराची वाट पाहणारी,
साई


तंजावर,
२९ ऑगस्ट २००४

अण्णा,

आज तीर्थरूप नाही आणि नमस्कारही नाही. आल्यावर बघू.

शुक्रवारी अप्पा देवळात गेल्यावर तुझा फोन आला. तू नेहमी तेव्हाच करतोस. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालास, "अय्यो साई, ते जुगाराच्या पानांचं अप्पांच्या कानावर घालूं नको." मी "सरी, नाही सांगत" म्हटलं, फोन ठेवला आणि डाळ निवडायला बसले. अर्धं सूप झालं आणि माझा हात थांबला. मी तुला जुगार हा शब्द लिहिलाच नव्हता. लाजेनं लिहिला नव्हता. आणि शोधून तुला सापडलं असतं, तर कोणी केलं ते आधी बोलला असतास.

तशीच उठले. बूथवरून तुला फोन लावला आणि विचारलं. अण्णा, लहानपणी रंगाची वाटी सांडल्यावर काढायचास तोच आवाज काढलास. म्हणालास, "मदत करायची होती गं." मी बूथमधून बाहेर पडले. सुट्टे परत घ्यायचेही राहिले. मी गावभर वैरी शोधत होते आणि वैरी आमचाच, तोही मायेपोटी!

तुला काय वाटलं ते मला आता कळतं. बाहुल्या विकून कोण मोठं झालंय, असं तीन वर्षांपूर्वी अप्पांना तोंडावर बोलून तू गेलास, तेव्हापासून ते तुझं नाव काढत नाहीत. मग वेबसाइटवरून मागण्या आल्याचं तुला मीच फोनवर नाचत नाचत सांगितलं. तुला वाटलं, आपणही गुपचूप हातभार लावावा. चेन्नईतल्या कुठल्याशा कंपनीला पैसे भरलेस आणि त्यांनी आपलं नाव शेकडो ठिकाणी चिकटवून टाकलं. कुठं, ते माझं पत्र येईपर्यंत तू पाहिलंसुद्धा नाहीस. निदान पाहायचं तरी!

अखिलाचा नवरा सर्चच्याच कामात आहे. तिनं त्याला विचारून मला समजावून लिहिलं. सर्चवाले म्हणे बघतात, की बाकीच्या वेबसाइटी तुमच्याकडे बोट दाखवतात का. अखिलानं तिच्या नृत्यवर्गाच्या पानावर आपल्याविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या, सिंगापूरच्या एका बाईनं तिच्या स्वयंपाकाच्या पानावर. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाहुल्या आवडल्या म्हणून लिहिलं. तेवढ्या चार-दोन जणींच्या शब्दावर आपण वर होतो. आणि मग अचानक शेकडो पानं एकाच सुरात तेच वाक्य ओरडायला लागली, त्यांतली निम्मी जुगाराची. हे विकतचं आहे हे सर्चवाल्यांनी ओळखलं आणि आपल्याला खाली ढकलून दिलं. खऱ्या चार जणींचा शब्दही त्यात वाया गेला.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नाही. अप्पांना तेव्हाच सगळं कळलं होतं. न्यू जर्सीच्या रघोजी मामांनी फोन करून विचारलं, "भावजी, दुकान विकलं काय? तुमचं नाव भलत्या ठिकाणी दिसतंय." अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटीच. मी नाही म्हटलं, पण त्यांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पाणीही आईकडूनच मागतात. कॉम्प्युटरवर त्यांनी जुनं धोतर टाकून ठेवलंय. रोज सकाळचं ते "आज कोण आलं गं" बंद झालं, आणि मला त्याची किती सवय लागली होती ते आत्ता कळतंय. फार लागलं रे मनाला.

तुझा फोन झाल्यावर मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. समोर जाऊन बसले आणि ही विकतच्या नावांची सगळी भानगड सांगितली, तुझं नाव तेवढं सोडून. ते मान खाली घालून बाहुलीचं डोकं तारेवर बसवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मणजे, भाड्याच्या बाया आणून कोलू भरवला मण की. ते बघून घरच्या बाया दारातूनच परत गेल्या."

अण्णा, यापेक्षा नेमकं अखिलाच्या नवऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. आपल्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या की आई कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर बोलवायला जाते. आज शेजारीण आपल्याकडे, उद्या आपण तिच्याकडे. गर्दी दिसावी म्हणून कोणी परक्या बायका भाड्यानं आणून बसवत नाही. अप्पांना वाटतंय की मी ते केलं. आणि मी पुन्हा नाही म्हटलं नाही. कारण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न "मग कोण?" आणि तीन वर्षांनी या घरात तुझं नाव निघायचं ते असं निघावं, हे माझ्या जिवावर आलं.

आता काय करायचं तेही ऐक. ती नावं काढून टाकायला त्या कंपनीला फक्त तूच सांगू शकतोस, कारण त्यांचं गिऱ्हाईक तू. सगळी निघाली की सर्चवाल्यांना खरं काय घडलं ते कळवायचं आणि वाट बघायची. किती महिने जातील ते अखिलाचा नवराही सांगू शकत नाही. या नवरात्राला तरी काही उपयोग नाही. अखिलानं तिच्या शिष्यांच्या आयांना सांगितलं, म्हणून थोड्या पेट्या निघतील. बाकीचा माल मागच्या खोलीतच राहणार. कारखान्याचं काय, ते अप्पांनी अजून ठरवलेलं नाही.

पत्र इथंच संपवणार होते. पण मघाशी अप्पा ओसरीवर आले. मी झाकेपर्यंत त्यांनी अक्षरं पाहिली. ही अक्षरं मी दुसऱ्या कोणाला लिहिणार? हातातल्या बाहुलीच्या डोक्याला त्यांनी बोट लावलं, ते डुलायचं थांबेपर्यंत बघत राहिले, आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले.

"मुरलीला नं?"

मी मान हलवली.

"कोलूला ये मणून लिही. भाड्याचे शंभर नको. घरचं एक पुरे."

आणि आत गेले. अण्णा, आईची शपथ, मी तुझं नाव सांगितलेलं नाही. त्यांना कळलंय, की त्यांना नुसती तुझी आठवण आली, मला सांगता येत नाही. विचारायचा धीर मला नाही. तू ये आणि तूच सांग.

तोवर तुझ्या नावाचा दोष आपल्या नावावर घेऊन बसलेली,

साई