जवळच्या लिंकचा नियम

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

शहाजी आला! बाडबिस्तरा घेऊन, माढ्याहून थेट आमच्या मागच्या गल्लीत. त्याच्या मुलानं इथंच, आमच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतलाय. टेलिफोन खात्यात नोकरीभर तो माढ्याच्या टॉवरवर, मी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या. मध्ये पन्नासेक किलोमीटर नुसती हवा. फोनवर रोज बोलायचो, भेटायचो वर्षातून एकदा. आता रोज चहा. आमच्या हिला, मथुराला म्हटलं, साखर जास्त आण.

६ नोव्हेंबर

जुन्या गोष्टी निघाल्या. वादळ झालं की टॉवरवरची डिश हलायची, दोन टॉवरमधली लिंक तुटायची. तो तिकडं बोल्ट सैल करून डिश फिरवी, मी इकडं मीटर बघून फोनवर सांगे. "अजून... अजून... थांब, जास्त झालं. मागं घे." सिग्नल जरा चढला की नवखा माणूस खूश होऊन तिथंच बोल्ट आवळतो, आणि ते खोटं टेकाड निघतं. शहाजी कधी फसला नाही. तो पुढं जायचा, सिग्नल पार उतरू द्यायचा, मग खरा डोंगर गाठायचा. उन्हात उभं राहून त्याच्या "आलं का रं?"ची वाट बघण्यात जे सुख होतं, ते पुढं बढतीतसुद्धा मिळालं नाही.

९ नोव्हेंबर

एक खटकतंय. शहाजी ओरडतो! समोरच्या खुर्चीत बसून, जणू अजून माढ्यातच आहे. "गुरुशांत, गुडघं काय म्हणत्यात?" खालच्या मजल्यावरची सोनाली वर आली, "काका, भांडण झालंय का?" लाज वाटली. मथुराशी मात्र हळू बोलतो, इतकं की मला पत्ता लागत नाही. म्हणजे आवाज माझ्यावरच! मी त्याच्या वरच्या हुद्द्यावर होतो, त्याचं उट्टं काढतोय का?

१२ नोव्हेंबर

दाराची बेल बदलली. जुनी वाजतच नव्हती. नवीही तसलीच निघाली. हल्ली मालात काही राम राहिला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज बोललो त्याला. आमचे पंचाक्षरी साहेब शिकवायचे – प्रत्येक बँडला, म्हणजे लहरींच्या पट्ट्याला, कमीत कमी अंतर ठरलेलं असतं. त्याहून जवळ लिंक लावायची तर पॉवर उतरवा. आणि डिश नियमातलीच लावा, लहान लावली तर सिग्नल इकडंतिकडं सांडतो, शेजाऱ्याची लिंक बिघडते. शहाजीलाही हे पाठ आहे. म्हणालो, "तू आता माढ्यात नाहीस. अंतर कमी झालंय, पॉवर उतरव की. सगळी सोसायटी ऐकते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मथुराकडं. चहा अर्धा ठेवून गेला.

१६ नोव्हेंबर

आला नाही.

२० नोव्हेंबर

आजही नाही. मथुरा रागावलीय. तिनं स्वयंपाकघरातून काहीतरी म्हटलं, मग जवळ येऊन परत म्हटलं, "पन्नास किलोमीटरवरनं जमत हुतं तुमचं, आन् हितं एका गल्लीत जमंना व्हय?" पुटपुटायची सवयच आहे तिला.

रिक्षानं भवानी पेठेत जाऊन आलो. टॉवर आहे, आमची डिश कधीच उतरवली. आता सगळं जमिनीखालच्या फायबरवर. मान दुखेपर्यंत वर बघत उभा राहिलो. शहाजीची फार आठवण आली. येताना त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी उतरलो. हा माणूस तुटला तर त्या दिवसांबद्दल बोलायला मला दुसरं कोण आहे? तरी पाय आत वळला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शहाजी आला. समोर बसला, हसला, बोलू लागला. सांगितल्याप्रमाणे, पॉवर उतरवून. एकदा हात वर करून टॉवरची उंची दाखवली. ओठ हलत होते. मला एक शब्द ऐकू आला नाही.

मथुरा माझ्या कानाशी वाकली. "मीच सांगितलं हुतं त्यांस्नी, मोठ्यानं बोला म्हणून. तुमाला कोण सांगणार?"

लिंक बिघडली की आधी आपलं टोक तपासायचं. हेही पंचाक्षरी साहेबांनीच शिकवलं होतं.

खुर्ची ओढून शहाजीच्या गुडघ्याला गुडघा लावला. म्हणालो, "चढव." त्यानं आवाज चढवला.

"अजून... अजून... थांब. आलं."